पोस्टमनमध्ये चालतं, कोडमध्ये नाही: वेब सर्व्हिसची एरर शोधायची कुठे?

तुमची अडचण मला समजली ती अशी. एक साधी वेब सर्व्हिस आहे, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसएमएक्स पद्धतीची. ग्राहक क्रमांक पाठवला की ती त्याचा तपशील देते. ब्राउझरमध्ये सर्व्हिसचं पान उघडतं, पोस्टमन या रिक्वेस्ट पाठवून तपासायच्या साधनातून उत्तर नीट येतं, पण सी शार्पच्या कोडमधून कॉल केला की 'रिमोट सर्व्हरने ५०० ही एरर दिली' एवढ्या एका ओळीवर गाडी अडते. मधूनच टाइमआउटही होतो. सर्व्हिस सांभाळणारे म्हणतात, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही कोड बदलून बदलून थकला आहात आणि आता नेमकं कुठे बघावं हे कळत नाही.

आधी कोड बदलणं थांबवा. पोस्टमन चालतो आणि कोड चालत नाही याचा अर्थ एकच: दोघं एकच रिक्वेस्ट पाठवत नाहीत. पत्ता तोच असेल, बॉडीही, म्हणजे आतला मजकूरही, डोळ्यांना सारखी दिसत असेल, पण सर्व्हरपर्यंत जे बाइट पोहोचतात ते वेगळे आहेत किंवा वेगळ्या वाटेने जात आहेत. तो फरक सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते. तो न शोधता अंदाजाने हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या सूचनांच्या ओळी, घालत-काढत बसलात, तर एखाद्या वेळी चालूनही जाईल, पण का चाललं ते कळणार नाही आणि पुढच्या बदलात पुन्हा मोडेल.

ब्राउझरमध्ये पान उघडतं यावर विसंबू नका. एएसएमएक्सच्या पत्त्यावर ब्राउझर गेट, म्हणजे नुसती माहिती मागणारी, रिक्वेस्ट करतो आणि सर्व्हिसचं वर्णन करणारं पान मिळवतो. तुमचा कोड पोस्ट करतोय, म्हणजे सोबत मजकूर पाठवतोय: सोप या नियमांनी बांधलेलं एक्सएमएलचं पाकीट. पान उघडल्याने सर्व्हर जिवंत आहे आणि तुमच्या ब्राउझरला तिथवर रस्ता आहे एवढंच सिद्ध होतं. त्या पानावरचं चाचणीचं बटणसुद्धा मूळ सेटिंगमध्ये फक्त त्याच मशीनवरून चालतं. बाहेरून तीच मेथड पत्त्याच्या शेवटी जोडून गेट किंवा साधा फॉर्म पाठवलात, तर 'या यूआरएलसाठी रिक्वेस्टचा फॉरमॅट ओळखता आला नाही' अशा आशयाची ५०० येते. सर्व्हिस बिघडली असा याचा अर्थ नाही. एचटीटीपी गेट आणि पोस्ट हे दोन प्रोटोकॉल बाहेरच्यांसाठी मुळातच बंद ठेवलेले असतात आणि सोप चालू असतं.

आता त्या ५००कडे वळू. उत्तर तुमच्यापर्यंत आलेलं आहे, फक्त तुम्ही ते वाचलेलं नाही. सोप १.१ च्या नियमानुसार सर्व्हिसला काहीही तक्रार करायची असेल, तर ती ५०० या कोडसोबतच पाठवायची असते आणि खरी तक्रार बॉडीमध्ये फॉल्ट नावाच्या एलिमेंटमध्ये असते. म्हणजे इथे ५०० बघून 'सर्व्हर कोसळला' असं समजायचं नसतं. पण डॉटनेट या सी शार्पच्या मंचावरचा एचटीटीपीवेबरिक्वेस्ट हा क्लास ४०० किंवा ५००च्या घरातला कोड दिसला की थेट वेबएक्सेप्शन फेकतो, आपण कॅचमध्ये त्याचा मेसेज लॉग करतो आणि बॉडी तशीच टाकून देतो. त्या एक्सेप्शनच्या रिस्पॉन्स या प्रॉपर्टीमध्ये अख्खं उत्तर पडलेलं असतं. ती रिकामी आहे का हे आधी तपासा, कारण कनेक्शनच झालं नसेल तर तिथे काही नसतं. रिकामी नसेल तर तिचा स्ट्रीम उघडून शेवटपर्यंत वाचा आणि जसाच्या तसा लॉगमध्ये उतरवा. कोडमध्ये आत्ता एकच बदल करणार असाल, तर हा करा.

ही खोड प्रत्येक भाषेत वेगळ्या रूपात भेटते, म्हणून इतरांसाठीही सांगतो. जावामधलं एचटीटीपीयूआरएलकनेक्शन ४०४ आली की 'फाइल सापडली नाही' असं एक्सेप्शन देतं आणि माणूस डिस्कवर फाइल शोधत बसतो. तिथे नेहमीच्या इनपुट स्ट्रीमऐवजी एरर स्ट्रीम वाचायचा. पीएचपीचं फाइल-गेट-कन्टेन्ट्स एक वॉर्निंग देऊन नुसतं फॉल्स परत करतं. त्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये इग्नोर-एरर्स चालू केल्यावरच बॉडी हाती येते. उलट टोकाला जावास्क्रिप्टचं फेच आणि पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ५०० आली तरी काहीच फेकत नाहीत. सगळं सुरळीत झाल्यासारखा कोड पुढे जातो आणि चार ओळींनंतर जेसन पार्स करताना पडतो. 'पोझिशन शून्यवर अनपेक्षित चिन्ह' अशी तक्रार करून ते चिन्ह म्हणून कोनी कंस दाखवला असेल, तर तुमच्या हाती जेसन नाही, एचटीएमएल आलं आहे: एखादं एरर पान, लॉगिनचं पान किंवा मधल्या प्रॉक्सीचं पान. पार्सरला दोष देऊ नका. स्टेटस कोड आणि बॉडीची पहिली काही शे अक्षरं छापा.

तुमच्या बाबतीत बॉडी वाचल्यावर काय निघण्याची शक्यता आहे? माझा पहिला संशय सोपॲक्शन हेडरवर आहे. सोप १.१ मध्ये कुठली मेथड हवी हे या हेडरमधून सांगावं लागतं. त्याची किंमत म्हणजे सर्व्हिसचा नेमस्पेस (तिची नावं इतरांच्या नावांपासून वेगळी ठेवणारा, पत्त्यासारखा मजकूर) आणि त्याला जोडून मेथडचं नाव. स्पेलिंग, शेवटची तिरपी रेघ, लहान-मोठी अक्षरं यातलं काहीही चुकलं की फॉल्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की सोपॲक्शनची ही किंमत सर्व्हरला ओळखता आली नाही. योग्य किंमत डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेली असते, तिथूनच कॉपी करा. सोप १.२ मध्ये हे हेडर नाही. तिथे कंटेंट-टाइप वेगळा असतो, ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल, आणि ॲक्शन त्याच ओळीत पॅरामीटर म्हणून जातं. १.१ ला टेक्स्ट/एक्सएमएल लागतो. पाकीट एका आवृत्तीचं आणि हेडर दुसऱ्या आवृत्तीचं अशी सरमिसळ फार होते, कारण लोक पाकीट एका उदाहरणातून उचलतात आणि हेडर दुसऱ्या. सर्व्हिस डब्ल्यूसीएफ या डॉटनेटमधल्या नंतरच्या पद्धतीच्या बेसिक-एचटीटीपी बाइंडिंगवर असेल, तर अशा वेळी ४१५, म्हणजे 'हा कंटेंट-टाइप चालत नाही' अशी एरर, येते.

दुसरा संशय जास्त त्रासदायक आहे, कारण त्यात एरर चुकीच्या दिशेला बोट दाखवते. समजा सोपॲक्शन बरोबर आहे आणि मेथडच्या एलिमेंटवर नेमस्पेसही आहे, पण आतल्या ग्राहक क्रमांकाच्या एलिमेंटचा नेमस्पेस चुकला किंवा रिकामा राहिला. एएसएमएक्स यावर तक्रार करत नाही. त्याला अपेक्षित नावाचा एलिमेंट सापडत नाही, म्हणून तो त्या पॅरामीटरला नल (काहीच नाही असं) धरतो आणि मेथड चालवतो. मेथड नलवर काहीतरी करायला जाते आणि 'ऑब्जेक्ट रेफरन्स' वाली एरर फॉल्टमध्ये येते. पॅरामीटर संख्या असेल तर शून्य जातं, आणि मग एररही येत नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं. सर्व्हिसवाले त्यांच्या लॉगमध्ये बघतात, त्यांना रिकामा क्रमांक दिसतो, ते म्हणतात तुम्ही काही पाठवलंच नाही. तुम्ही म्हणता पाठवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एक्सएमएल कोडमधून बांधताना हे सहज घडतं: बाहेरच्या एलिमेंटला नेमस्पेस दिला आणि आतला नुसत्या नावाने बनवला, की लायब्ररी इमानाने आतल्यावर रिकामा नेमस्पेस लिहून टाकते. तयार झालेल्या मजकुरात आतल्या एलिमेंटवर एक्सएमएलएनएस बरोबर रिकामे अवतरण असं दिसलं, तर दोष सापडला. आणि सर्व्हिसचा नेमस्पेस टेम्पयूरी डॉट ओआरजी असेल, तर तिच्या लेखकाने तो बदललाच नाही एवढाच त्याचा अर्थ. तुम्हालाही तोच वापरावा लागेल, हुशारीने स्वतःचा घालू नका.

खरं सांगायचं तर हाताने सोपचं पाकीट जोडूच नये. डब्ल्यूएसडीएल उपलब्ध असेल तर व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सर्व्हिस रेफरन्स जोडा, क्लास आपोआप तयार होतात आणि वरच्या दोन्ही चुका उरत नाहीत. पायथनमध्ये झीप ही लायब्ररी तेच काम करते. हाताने बांधण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा डब्ल्यूएसडीएल मिळत नाही किंवा मिळालेला खोटा असतो.

तिसरी जागा: एन्कोडिंग. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरवर एक्सएमएल लिहिलं की पहिल्या ओळीत एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-१६ येतं, कारण डॉटनेटची स्ट्रिंग आतून तशीच असते. मग आपण तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ चे बाइट करून पाठवतो. पाकीट स्वतःबद्दल खोटं बोलतंय हे पलीकडच्या पार्सरला कळतं आणि तो नाकारतो. मेमरी स्ट्रीमवर यूटीएफ-८ सांगून लिहा. तेव्हाही एक पाहा: डॉटनेटचं नेहमीचं यूटीएफ-८ एन्कोडिंग स्ट्रीमच्या सुरुवातीला तीन बाइटांचं बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची खूण, घालतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण काही पार्सर त्यावर 'ओळ १, स्थान १ वरचा डेटा अवैध' म्हणून थांबतात. यूटीएफ-८ एन्कोडिंगचा ऑब्जेक्ट स्वतः बनवून त्याला फॉल्स दिलं की बीओएम जात नाही. जेसनबाबत तर नियमच आहे, २०१७ च्या आरएफसी ८२५९ या इंटरनेटच्या मानकात: सिस्टिमांदरम्यान जाणारं जेसन यूटीएफ-८ मध्येच असावं आणि त्याच्या आधी बीओएम नसावं.

याच कुळातली आणखी एक चूक देवनागरी मजकूर पाठवणाऱ्यांना हमखास भोवते. कंटेंट-लेंग्थ हाताने भरताना लोक स्ट्रिंगची लांबी देतात. ते हेडर बाइट मोजतं, अक्षरं नाही. 'नमस्ते' या शब्दाची स्ट्रिंग लांबी ६ आहे, यूटीएफ-८ मध्ये बाइट मात्र १८. इंग्रजी नावांवर चाचणी केली तेव्हा सगळं चाललं, पहिलं मराठी नाव आलं आणि बॉडी मध्येच तुटली किंवा 'ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त बाइट' अशी एरर आली, तर कारण हेच. ते हेडर भरूच नका, लायब्ररी स्वतः मोजते. पर्याय नसेल तर आधी बाइट ॲरे करा आणि त्याची लांबी द्या.

एवढं करूनही फरक सापडला नाही, तर रिक्वेस्ट प्रत्यक्ष डोळ्यांनी बघावी लागेल. मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत अगदी साधी आहे. आपल्याच मशीनवर नेटकॅट (आलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारं छोटं साधन) एखाद्या पोर्टवर ऐकत ठेवा. कोडमधला पत्ता तात्पुरता त्या पोर्टकडे वळवा, साध्या एचटीटीपीवर, आणि चालवा. कोड जे पाठवतो ते सगळं स्क्रीनवर उमटेल. उत्तर मिळणार नाही, कोड लटकेल, हरकत नाही. मग पोस्टमनलाही त्याच पोर्टवर पाठवायला सांगा. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडा. 'मी काय पाठवतोय असं मला वाटतं' आणि 'मी काय पाठवतोय' यांतला फरक इथे उघड होतो. फक्त तुमच्या चाचणीच्या रिक्वेस्टमध्ये खरे पासवर्ड किंवा टोकन असतील, तर तो मजकूर नंतर पुसून टाका.

ही तुलना करताना पोस्टमन गुपचूप काय काय जोडतो ते लक्षात ठेवा. तो यूजर-एजंट पाठवतो. डॉटनेटचा एचटीटीपीक्लायंट स्वतःहून पाठवत नाही. काही सर्व्हिस हे हेडर नसेल तर सरळ नाकारतात. गिटहबच्या एपीआयने तर आपल्या दस्तऐवजातच ते सक्तीचं असल्याचं लिहिलं आहे. पोस्टमन कुकी जपून ठेवतो, म्हणजे मघाशी तुम्ही त्यातूनच लॉगिनची रिक्वेस्ट केली असेल, तर पुढच्या रिक्वेस्टला सेशन आपोआप मिळतं आणि तुमच्या कोडला मिळत नाही. आणि तो ॲक्सेप्ट-एन्कोडिंगमध्ये जीझिप मागतो आणि आलेलं उत्तर स्वतःच उलगडतो. 'पोस्टमनचे सगळे हेडर कोडमध्ये कॉपी करा' हा सल्ला ऐकून तेही हेडर कोडमध्ये घातलंत, तर सर्व्हर आवळलेले बाइट पाठवेल आणि तुमचा कोड त्याला मजकूर समजून वाचेल. स्क्रीनवर कचरा दिसेल. हेडर काढून टाका, नाहीतर ऑटोमॅटिक-डीकम्प्रेशन चालू करा.

फिडलरसारखं, जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्वेस्ट दाखवणारं साधनही उपयोगी आहे, विशेषतः एचटीटीपीएसच्या आत काय जातंय ते बघायला. पण ते मध्ये बसून सर्व्हरशी स्वतःचं वेगळं कनेक्शन करतं. त्यामुळे फिडलर चालू असताना कॉल यशस्वी आणि बंद केला की अपयशी असा चक्रावणारा प्रकार घडतो. तसं झालं तर आनंदाने पुरावा म्हणून धरा: बॉडी आणि हेडर बरोबर आहेत, बिघाड त्याखाली आहे, टीएलएस (एचटीटीपीएसमागची एन्क्रिप्शनची पद्धत), प्रॉक्सी किंवा कनेक्शन यांपैकी कुठेतरी.

या खालच्या थराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथल्या एररमध्ये स्टेटस कोडच नसतो आणि लोक हताश होतात. रिक्वेस्ट सर्व्हरच्या कोडपर्यंत पोहोचण्याआधी नावाचा आयपी पत्ता मिळावा लागतो, मग पोर्टवर कनेक्शन व्हावं लागतं, मग टीएलएसची बोलणी पार पडावी लागतात. कर्ल या कमांड लाइनच्या साधनाला हायफन व्ही देऊन तोच पत्ता मागितला की यातली कुठली पायरी अडली ते दिसतं. मात्र कोड ज्या मशीनवर चालतो, त्याच मशीनवरून आणि शक्यतो त्याच यूजरने कर्ल चालवा. तुमच्या लॅपटॉपवरून केलेल्या चाचणीने सर्व्हरबद्दल काही कळत नाही.

'कनेक्शन नाकारलं' आणि 'कनेक्शन टाइमआउट झालं' यांत मोठा फरक आहे. नाकारलं म्हणजे तिकडून कुणीतरी उत्तर दिलं की या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये: पोर्ट चुकला, सर्व्हिस बंद आहे किंवा ती फक्त स्वतःच्या मशीनपुरती ऐकते आहे. टाइमआउट म्हणजे पॅकेट कुठेतरी गडप होत आहेत, आणि बहुतेकदा ती फायरवॉल असते. कोड डॉकर कंटेनरमध्ये असेल, तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, बाहेरचं मशीन नव्हे. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १७ वी आवृत्ती आली तेव्हा आणखी एक गोष्ट बदलली: लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता आधी मिळाला तर तोच वापरला जाऊ लागला. सर्व्हिस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर कालपर्यंत चालणारा कोड नोड बदलताच 'नाकारलं' म्हणू लागतो. अशा वेळी पत्त्यात लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहून पाहा.

टीएलएसचं दुखणं डॉटनेटवाल्यांना जास्त. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने अधिकृतपणे निवृत्त केल्या, आणि त्याच्या आसपास अनेक सर्व्हरांनी त्या बंद केल्या. डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ साठी बांधलेलं ॲप्लिकेशन स्वतःहून १.२ मागत नाही. त्यामुळे 'सुरक्षित चॅनल बनवता आलं नाही' किंवा 'मूळ कनेक्शन बंद झालं' अशी एरर येते, तीही कोडला हात न लावता एके दिवशी अचानक. शक्य असेल तर ॲप्लिकेशनचं टार्गेट ४.७ किंवा पुढचं करा, म्हणजे आवृत्तीचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवला जातो. ते जमत नसेल तर सर्व्हिसपॉइंटमॅनेजरमध्ये टीएलएस १.२ वाढवा. वाढवा म्हणतोय, कारण लोक तिथे थेट १.२ ठोकून बसवतात आणि मग १.३ ची दारंही बंद होतात.

सर्टिफिकेटची एरर वेगळी ओळखा. ब्राउझर तक्रार करत नाही, कोड करतो, याचं नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरने मधलं, इंटरमीजिएट सर्टिफिकेट पाठवलेलंच नसतं. अनेक ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे आधीपासून असतं. बऱ्याच लायब्ररी शोधायला जात नाहीत. दुरुस्ती सर्व्हरवर व्हायला हवी, तुमच्या कोडमध्ये नाही. दुसरं कारण, विश्वासाच्या, म्हणजे मान्य रूट सर्टिफिकेटांच्या, याद्या वेगवेगळ्या असतात: जावाची स्वतःची यादी असते, पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय या पॅकेजची यादी वापरते. कंपनीच्या प्रॉक्सीचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये बसवलेलं असलं, तरी यांना त्याचा पत्ता नसतो. तिसरं, यादीच जुनी असणं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे रूट सर्टिफिकेट संपलं, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ सारख्या जुन्या लायब्ररींवरचे क्लायंट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटं नाकारू लागले. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत तर शिल्लक होती. आणि मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल, तर चांगलं सर्टिफिकेटही 'अजून वैध नाही' ठरतं.

या सगळ्यावर एक आयता उपाय सगळीकडे फिरतो: सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा, कॉलबॅकमधून ट्रू परत करा. कृपा करून हे करू नका. चाचणीपुरतं म्हणून टाकलेली ती ओळ प्रॉडक्शनमध्ये जाते, वर्षानुवर्षं राहते, आणि तोपर्यंत मध्ये बसलेला कुणीही तुमच्या ग्राहकांचा तपशील वाचू शकतो. निदान म्हणूनही ती फारशी कामाची नाही. तपासणी बंद केल्यावर चाललं, यातून सर्टिफिकेटचा प्रश्न आहे हे कळतं, आणि ते एररने आधीच सांगितलेलं असतं.

प्रॉक्सी आणि रीडायरेक्ट यांकडेही नजर टाका. ब्राउझर सिस्टिमची प्रॉक्सी सेटिंग वाचतो, सर्व्हिस अकाउंटखाली चालणाऱ्या कोडला ती दिसतीलच असं नाही. ४०७ आली तर प्रॉक्सी तुमची ओळख मागते आहे, सर्व्हिस नाही. रीडायरेक्ट जास्त फसवं. पत्ता एचटीटीपीने सुरू केला, सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ देऊन एचटीटीपीएसकडे पाठवलं, की बहुतेक लायब्ररी पोस्टचं गेट करून टाकतात आणि बॉडी गळून पडते. मग ४०५ ('इथे गेट चालत नाही') येते, नाहीतर २०० बरोबर भलतंच पान येतं. ३०७ आणि ३०८ मध्ये पोस्टचं पोस्टच राहतं. होस्ट बदलणाऱ्या रीडायरेक्टमध्ये ऑथरायझेशन हेडर मुद्दाम काढलं जातं, आणि ते योग्यच आहे, पण त्यातून येणारी ४०१ कोड्यात टाकते. म्हणून शोध चालू असताना ऑटो-रीडायरेक्ट बंद ठेवा आणि शेवटचा, खरा पत्ताच कोडमध्ये लिहा.

ज्यांची सर्व्हिस सोप नसून जेसनची आहे त्यांच्यासाठी एवढंच: ४१५ आली की कंटेंट-टाइप बघा. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये डिक्शनरी 'डेटा' म्हणून दिली की ती फॉर्मसारखी जाते, 'जेसन' म्हणून दिली की जेसन म्हणून जाते. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही, ४०३ म्हणजे पटलं पण परवानगी नाही. ४०१ मध्ये टोकनच्या शेवटी चिकटलेली नवी ओळ जरूर तपासा, फाइलमधून वाचलेल्या टोकनला ती बऱ्याचदा असते. टोकन क्वेरी स्ट्रिंगमधून जात असेल आणि त्यात अधिकचं चिन्ह असेल, तर एन्कोड न केल्यास पलीकडे त्या जागी स्पेस पोहोचते. आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या साइटचं उत्तर वाचण्याच्या परवानगीची, एरर दिसत असेल, तर तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये काही बदलून ती जाणार नाही. परवानगीचं हेडर सर्व्हरनेच द्यावं लागतं. फेचला नो-कॉर्स मोड दिला की एरर गप्प होते खरी, पण उत्तर वाचता येत नाही.

आता तुमचा मधूनच होणारा टाइमआउट. याचा ५०० शी संबंध असावा असा माझा दाट अंदाज आहे. डॉटनेट फ्रेमवर्कमधल्या साध्या क्लायंट ॲप्लिकेशनला एका होस्टकडे एका वेळी दोनच कनेक्शन मिळतात, ही मूळ मर्यादा आहे. ५०० आल्यावर तुमचा कोड एक्सेप्शनमधला रिस्पॉन्स न वाचता, न बंद करता सोडून देतो. ते कनेक्शन अडकून राहतं. असे दोन अडकले की तिसरा कॉल रांगेत थांबतो आणि १०० सेकंदांच्या मूळ मुदतीनंतर टाइमआउट म्हणून पडतो. सर्व्हरपर्यंत तो गेलेलाच नसतो, त्यामुळे त्यांच्या लॉगमध्ये त्याची खूण नाही. गार्बेज कलेक्शन (न लागणाऱ्या ऑब्जेक्टची आपोआप सफाई) झालं की कनेक्शन सुटतात आणि पुन्हा काही काळ सगळं चालतं, म्हणून हे 'मधूनच' वाटतं. प्रत्येक रिस्पॉन्स यूझिंग ब्लॉकमध्ये (काम संपताच तो आपोआप बंद होतो) घ्या, एक्सेप्शनमधला सुद्धा. मर्यादा वाढवण्याआधी गळती थांबवा.

एचटीटीपीक्लायंट वापरत असाल तर उलटी चूक होते: प्रत्येक कॉलला नवा बनवून लगेच फेकून दिला, तर बंद झालेले सॉकेट काही वेळ टाइम-वेट या अवस्थेत पडून राहतात आणि गर्दीच्या वेळी पोर्ट संपतात. एकच ऑब्जेक्ट सगळीकडे वापरा, किंवा नव्या डॉटनेटमध्ये एचटीटीपीक्लायंटफॅक्टरीकडून घ्या. पायथनच्या रिक्वेस्ट्सला तर मुळात टाइमआउटच नसतो. तुम्ही दिला नाही आणि सर्व्हर गप्प बसला, तर कोडही तसाच बसून राहतो.

टाइमआउटवर डोळे मिटून पुन्हा प्रयत्न करणारा लूप लावू नका. तुमची सर्व्हिस फक्त माहिती वाचते, तिथे धोका नाही. पण काही नोंदवणारी किंवा पैसे हलवणारी पोस्ट असेल, तर टाइमआउट म्हणजे 'झालं नाही' असं नसतं. काम झालेलं असतं, उत्तर तेवढं पोहोचलेलं नसतं. तिथे आधी स्थिती विचारा, किंवा सर्व्हिस देत असेल तर प्रत्येक व्यवहाराला स्वतःची एक खूण पाठवा म्हणजे दुसऱ्यांदा आलेली रिक्वेस्ट तिला ओळखता येईल. ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) किंवा ५०३ (सर्व्हिस तात्पुरती उपलब्ध नाही) सोबत रिट्राय-आफ्टर हेडर आलं असेल तर तेवढा वेळ थांबा. नसेल तर प्रत्येक खेपेला थांबण्याचा काळ वाढवा आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी पुन्हा धडकतात.

'आमच्याकडे सगळं ठीक आहे' या उत्तरावर चिडू नका. रिक्वेस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नसेल, तर ते खरं बोलत आहेत. ५०२ आणि ५०४ तर मधला गेटवे किंवा लोड बॅलन्सर देतो. रिस्पॉन्समधलं सर्व्हर किंवा व्हाया हेडर आणि बॉडीतलं पान पाहिलं की उत्तर नेमकं कुणी दिलं ते बऱ्याचदा ओळखू येतं. त्यांना 'चालत नाही' असं लिहिण्याऐवजी टाइमझोनसह सेकंदापर्यंतची वेळ, तुमचा बाहेरचा आयपी, पूर्ण पत्ता, मेथड, स्टेटस कोड, रिस्पॉन्समध्ये रिक्वेस्ट आयडी असेल तर तो, आणि कच्ची रिक्वेस्ट पाठवा, गुप्त गोष्टी खोडून. तेवढ्यावर त्यांना लॉगमध्ये नेमकी ओळ शोधता येते, किंवा ती ओळ तिथे नाही हे खात्रीने सांगता येतं.

तुम्ही आज कॅच ब्लॉकमध्ये रिस्पॉन्स वाचून तो यूझिंगमध्ये बंद करण्याचा बदल करा आणि एकदा चालवा. फॉल्टमध्ये जे वाक्य येईल ते, आणि कोडने तयार केलेलं सोपचं पाकीट, दोन्ही जसंच्या तसं मला पाठवा. ग्राहकाचा तपशील तेवढा बदला, पण नेमस्पेस आणि हेडर यांतलं एक अक्षरही हलवू नका.